डूम मेटल : भोंगा वाजत असतानाचे आणि भोंगा थांबल्यानंतरचे अल्बम

१/
गेल्या दिवाळीच्या सुट्टीत औसा तालुक्यातील आमच्या घरी मी एक अल्बम ऐकत बसलो होतो. सिएटलच्या 'बेल विच' या बँडचा 'मिरर रीपर'. बास गिटारचा खर्जातला एक स्वर, मग लांबलचक पोकळी, मग दुसरा स्वर. स्पीकर लाकडी फळीवर ठेवल्याने फळीही हलके थरथरत होती. आजी आतून बाहेर आली आणि म्हणाली, "बंद कर की रे ते. भुईतनं आवाज आल्यावानी वाटायलंय."

२/
आजीने ३० सप्टेंबर १९९३ची पहाट पाहिलेली आहे. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली होती. ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा परिसर हादरला. दगडमातीच्या रुंद भिंती आणि त्यांवरचे माळवदाचे ओझे झोपलेल्या माणसांवर कोसळले. सुमारे दहा हजार माणसे गेली. त्याआधी, १९९२ सालीच, या भागात लहान धक्के आणि जमिनीतले आवाज सुरू झाले होते. आजही लातूर-निलंगा पट्ट्यातून 'गूढ आवाजा'ची बातमी अधूनमधून येते आणि माणसे रात्र अंगणात काढतात.

मी स्पीकर बंद केला. प्रश्न मात्र राहिला. जो ध्वनी मला शांतवतो तोच आजीला घराबाहेर पळण्याची खूण वाटतो, हे कसे? उत्तर दोघांच्या स्वभावात शोधण्याआधी ते काळात शोधावे, असे आपल्या विषयाचे शिक्षण सांगते. म्हणून हा थ्रेड.

३/
प्रथम ओळख. 'डूम' म्हणजे अटळ अनर्थ, टाळता न येणारा शेवट. डूम मेटल ही हेवी मेटलची सर्वांत जुनी आणि सर्वांत संथ शाखा. गिटारच्या तारा नेहमीपेक्षा सैल सोडून स्वर खाली उतरवलेला, लय रेंगाळणारी, विषय मृत्यू, शोक, अपराधभाव आणि पाप. ज्यांच्या कानावर उस्ताद अमीर खाँ यांचा झूमऱ्यातला अतिविलंबित ख्याल पडला आहे, त्यांना या संथपणाचे नवल वाटू नये. पुढची मात्रा येईल की नाही अशी शंका यावी इतकी वाट पाहायला लावणे, हे दोन्हीकडचे सामर्थ्य आहे.

४/
'ऐकायलाच हवेत असे डूम अल्बम' अशा याद्या आंतरजालावर विपुल आहेत आणि बहुतेकींच्या प्रस्तावनेत एकच कथा असते: इंग्लंडमधील कारखाने बंद पडले, शहरे काळवंडली, बेकार पोरांनी गिटारी उचलल्या आणि त्या उदासीतून हे संगीत जन्मले. कथा देखणी आहे. कालक्रम चुकलेला आहे. आणि कालक्रम चुकला की कारणमीमांसा चुकते, हे तुम्हा-आम्हाला पहिल्याच सत्रात शिकवलेले असते.

५/
साधन पहिले: 'ब्लॅक सॅबथ', याच नावाच्या बँडचा पहिला अल्बम. टोनी आयोमी, गीझर बटलर, बिल वॉर्ड आणि ऑझी ऑस्बर्न ही बर्मिंगहॅमच्या अॅस्टन भागातील चार कामगार घरांतली मुले. १६ ऑक्टोबर १९६९ रोजी लंडनच्या एका स्टुडिओत जवळजवळ एका दिवसात हा अल्बम ध्वनिमुद्रित झाला आणि १३ फेब्रुवारी १९७० रोजी, मुद्दाम शुक्रवार गाठून, बाजारात आला. आरंभी पाऊस, गडगडाट, दुरून येणारी चर्चची घंटा. आणि मग तीन स्वरांची ती रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी गिटारची स्वरावली.

आता बर्मिंगहॅमचा १९६९चा दाखला काढा. मोटारी आणि धातुकामाचे कारखाने जोरात चालू होते. कामगार इतके कमी पडत होते की पंजाबातून आणि कॅरिबियन बेटांतून माणसे तेथे येऊन भट्ट्यांपाशी उभी राहत होती. ऑझीने कत्तलखान्यात काम केले, मोटारींचे भोंगे तपासण्याच्या कारखान्यातही केले. म्हणजे हा अल्बम बेकारीचा नव्हेच. भोंगा वाजत असतानाचा हा अल्बम आहे. रोजच्या पाळीवर आयुष्य निघून जाणार, ही त्यातली भीती. काम संपेल ही नव्हे, काम संपणारच नाही ही.

६/
आयोमीच्या बोटांची हकीकत बहुतेकांना ठाऊक असते, तरी तिच्यातील दोन बारकावे सुटतात. तो सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीच्या अखेरच्या दिवशी, यंत्राखाली उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबण्याचा हातच जायबंदी झाला. वादन सोडण्याच्या विचारात असताना कारखान्यातल्याच व्यवस्थापकाने त्याला जँगो राइनहार्टची ध्वनिमुद्रिका ऐकवली. राइनहार्टची दोन बोटे आगीत निकामी झाली होती आणि उरलेल्या बोटांवर तो युरोपातील अव्वल गिटारवादक ठरला होता. आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे केली, त्यांवर चामडे चिकटवले, आणि बोटांना सोसतील अशा बारीक तारा लावल्या.

एका कारखान्याने बोटे घेतली आणि त्याच कारखान्यातील माणसाने वाट दाखवली. 'कारखाना विरुद्ध कलावंत' असे सोपे चित्र येथे बसत नाही.

७/
आणखी एक चूक दुरुस्त करू. 'बोटे दुखत म्हणून तारा सैल केल्या आणि पहिल्याच अल्बममध्ये डूमचा जड आवाज आला' असे सर्रास लिहिले जाते. पहिला अल्बम नेहमीच्या सुरावटीतच आहे. तारा तीन अर्धस्वरांनी खाली उतरल्या त्या १९७१च्या 'मास्टर ऑफ रिअॅलिटी' या तिसऱ्या अल्बममध्ये. डूमचा खरा पाया मी याच अल्बमला मानतो. पहिल्यात भय आहे, तिसऱ्यात वजन आहे.

८/
थोडे विषयांतर. पहिल्या अल्बमच्या शीर्षकगीतातील रिफ षड्ज, तार षड्ज आणि तीव्र मध्यम अशी चालते. गीझर बटलर तेव्हा गुस्ताव होल्स्ट या इंग्रज रचनाकाराचा 'मार्स' ऐकत असे, त्यातून ती सुचली. षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्यातील अंतराला युरोपात 'संगीतातला सैतान' म्हणत आणि मध्ययुगात चर्चने त्यावर बंदी घातली होती, असे तुम्ही वाचले असेल. बंदीचा पुरावा नाही. हा शब्दप्रयोग अठराव्या शतकाच्या आरंभीच्या संगीतशास्त्रकारांच्या लेखनात येतो आणि तेथे तो विद्यार्थ्यांना दिलेला इशारा आहे. आपल्याकडे हाच तीव्र मध्यम संध्याकाळी मारवा-पूरियात रोज भेटतो; त्यात सैतान कोणाला दिसला नाही, कातरवेळची हुरहुर तेवढी दिसली.

९/
मग संथपणा आला कोठून? माझे उत्तर रूक्ष आहे: वस्तूंमधून. लय संथ ठेवायची तर स्वर टिकावा लागतो. तो टिकवला मोठ्या अॅम्प्लिफायरने. लांब रचना ऐकवायची तर जागा लागते. ती दिली एलपीने, एका बाजूला वीस-बावीस मिनिटे. अब्दुल करीम खाँ यांना ७८ आरपीएमच्या तबकडीत तीन-सव्वातीन मिनिटांत राग उरकावा लागला. अमीर खाँ यांच्या मारव्याला एलपी मिळाली, म्हणून त्याचा विस्तार आज आपल्या हाती आहे. दुःख सर्व काळी असते. ते किती मिनिटांचे करता येईल हे मात्र माध्यम ठरवते.

१०/
येथे आपल्या घरचा प्रश्न उभा राहतो. गिरण्या तर मुंबईतही होत्या. नांदेडमध्ये निजामकाळापासून उस्मानशाही मिल होती, आणि तिच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी पिढी अजून शहरात आहे. मग गिरणगावातून असे संगीत का निघाले नाही?

कारण गिरणगावाचा श्रोता वेगळ्या जागी उभा होता. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचे 'लाल बावटा कलापथक' १९४४ साली उभे राहिले ते चाळीच्या पटांगणासाठी आणि संपाच्या मैदानासाठी. तेथे शब्द शेवटच्या माणसापर्यंत पोहोचला पाहिजे, डफावर थाप पडली की पाय उचलला पाहिजे. डफ आणि तुणतुण्याचा स्वर क्षणात विरतो. त्यावर रेंगाळता येत नाही. बर्मिंगहॅमच्या पोराला पगारातून हप्त्याने गिटार घेता येत होती आणि आठवड्याच्या अखेरीस पबचा मंच मिळत होता. तो एकटा उदास राहू शकत होता. गिरणगावात विरहालाही सार्वजनिक व्हावे लागले. अण्णा भाऊंची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड पाहा: गावी राहिलेल्या बायकोपासून निघते आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीपर्यंत पोहोचते.

कारखाना दोन्हीकडे सारखा. वाद्य, पैसा आणि जमण्याची जागा वेगळी.

११/
अमेरिका थोडक्यात. व्हर्जिनियाच्या 'पेंटाग्राम'ने १९७१पासून हा वारसा चालवला, पण त्यांचा पहिला पूर्ण अल्बम यायला १९८५ उजाडले. १९८४ साली शिकागोकडील 'ट्रबल' आणि लॉस एंजेलिसचे 'सेंट व्हायटस' या दोघांचे पहिले अल्बम आले. 'ट्रबल'ची गीते ख्रिस्ती श्रद्धेची, 'सेंट व्हायटस'ची कंपनी अतिवेगवान पंकची. जगाला वेगाचे वेड लागलेले असताना हे दोघे संथ वाजवत होते आणि प्रेक्षकांच्या शिव्या खात होते.

१२/
शाखेला नाव मिळाले ते स्वीडनमधून. स्टॉकहोमच्या 'कँडलमास'चा 'एपिकस डूमिकस मेटॅलिकस', १९८६. नाव लॅटिन भासते, पण ती गमतीची, बनावट लॅटिन आहे. मुख्य रचनाकार बासवादक लाइफ एडलिंग. गायक योहान लेंगक्विस्ट हा बँडचा सदस्यदेखील नव्हता, पाहुणा म्हणून आला आणि गाऊन निघून गेला. अल्बम खपला नाही. कंपनीने बँडला सोडून दिले. आज याच्याशिवाय एकही यादी पूर्ण होत नाही. समकालीन विक्रीचे आकडे आणि ऐतिहासिक महत्त्व यांचा संबंध किती सैल असतो, याचे वर्गात सांगण्याजोगे उदाहरण.

१३/
आता १९८२ या वर्षाकडे या.

१८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरण्याच संपत गेल्या. त्याच वर्षी इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यातील हॅलिफॅक्स या गावी 'डीन क्लो' मिल बंद झाली. क्रॉसली घराण्याचा हा गालिच्यांचा कारखाना एके काळी जगातील सर्वांत मोठ्या गालिचा-कारखान्यांपैकी होता. पाठोपाठ १९८४-८५चा खाणकामगारांचा संप हरला.

हॅलिफॅक्समध्ये १९८८ साली पाच पोरांनी 'पॅरडाइज लॉस्ट' सुरू केला. शेजारच्या ब्रॅडफर्डमध्ये, तेही लोकरीच्या गिरण्यांचे गाव, १९९० साली 'माय डाइंग ब्राइड'. याद्यांमधील ती कथा, बंद कारखाना आणि बेकार पोर, येथे लागू पडते. वीस वर्षे उशिरा आणि दुसऱ्या गावात.

१४/
या दोघांना आणि लिव्हरपूलच्या 'अॅनाथेमा'ला यॉर्कशायरमधल्याच ड्यूजबरी गावच्या 'पीसव्हिल' या छोट्या कंपनीने जगासमोर आणले. 'पॅरडाइज लॉस्ट'चा 'गॉथिक' (१९९१) हा माझ्या मते त्या पिढीचा पहिला दस्तऐवज: पुरुषाचा घोगरा, ओरबाडणारा आवाज आणि त्याच्या डोक्यावरून तरंगत जाणारा स्त्रीस्वर. 'माय डाइंग ब्राइड'चा 'टर्न लूज द स्वान्स' ऑक्टोबर १९९३चा. त्यात मार्टिन पॉवेलचे व्हायोलिन आहे, आणि ते सजावटीसाठी नाही. कित्येक ठिकाणी गिटार थांबते आणि व्हायोलिन एकटेच शोक पुढे नेते.

ऑक्टोबर १९९३. किल्लारीत तेव्हा ढिगारे उपसणे चालू होते. हा निव्वळ योगायोग आहे आणि त्यातून मी काहीही सिद्ध करू इच्छित नाही. तारखा शेजारी शेजारी लिहिल्या की त्या एकमेकींशी बोलू लागल्याचा भास होतो. इतिहासकाराने त्या भासापासून जपावे. तरी हे वाक्य खोडण्याचे धैर्य मला झाले नाही.

१५/
याच काळातील एक विलक्षण व्यक्ती म्हणजे ली डोरियन. तो बर्मिंगहॅमच्या 'नेपाम डेथ'चा गायक होता. जगातील अतिवेगवान बँडपैकी एक, काही गाणी तर काही सेकंदांचीच. १९८९ साली तो तेथून बाहेर पडला आणि त्याने 'कॅथीड्रल' स्थापन केला. त्यांचा 'फॉरेस्ट ऑफ इक्विलिब्रियम' (१९९१) इतका संथ आहे की प्रथम ऐकताना यंत्र बिघडले असावे असे वाटते. वेगाचे टोक गाठून माणूस उलटा फिरतो. वेग आणि संथपणा ही या लोकांची दोन घराणी नव्हती, एकाच थकव्याची दोन रूपे होती.

१६/
पुढचे भराभर सांगतो. फिनलंडच्या 'थेरगोथॉन'चा 'स्ट्रीम फ्रॉम द हेवन्स' (१९९४) आणि 'स्केप्टिसिझम'चा 'स्टॉर्मक्रोफ्लीट' (१९९५) यांनी 'फ्युनरल डूम', म्हणजे अंत्ययात्रेच्या लयीचा डूम, उभा केला. कॅलिफोर्नियाच्या 'स्लीप'ने तासाभराचे एकच गाणे मुद्रित केले. मोठ्या कंपनीने ते काढायला नकार दिला आणि 'डोपस्मोकर' या नावाने पूर्ण रूपात ते २००३ साली आले. एलपीने वीस मिनिटे दिली होती, सीडीने तास दिला. इंग्लंडच्या 'इलेक्ट्रिक विझर्ड'चा 'डोपथ्रोन' (२०००) सर्व याद्यांत वरच्या क्रमांकावर असतो. मला तो फारसा भावत नाही; त्यात धूर अधिक आणि दुःख कमी.

१७/
मला भावतो तो २००६चा 'वॉचिंग फ्रॉम अ डिस्टन्स', बँड 'वॉर्निंग'. पाचच गाणी. भुते नाहीत, सैतान नाही, थडगी नाहीत. पॅट्रिक वॉकर नावाचा माणूस उघड्या, कापऱ्या आवाजात, जवळच्या माणसाला आपण कसे गमावले ते सांगतो. लातूरहून नांदेडला एसटीने जाताना अहमदपूर सुटले की मी तो लावतो. लोहा येईपर्यंत संपत आलेला असतो. डूमला वेशभूषा लागत नाही, याचा हा पुरावा.

१८/
आता पुन्हा 'मिरर रीपर', २०१७. 'बेल विच' म्हणजे दोनच माणसे, बास आणि ढोल, गिटार नाहीच. ढोलवादक एड्रियन गेरा २०१६ साली वारला. उरलेल्या जोडीदाराने नव्या वादकासह हा अल्बम केला: एकच रचना, ८३ मिनिटे, एका सीडीतही न मावणारी. तिच्या मध्यावर गेराचा आवाज येतो, जुन्या मुद्रणातून उरलेला. मृत मित्राला आपल्याच सुतकात गायला बसवलेले आहे. मी त्या दिवशी औशाजवळ ऐकत होतो ते हेच. आजीने बंद करायला लावले तेव्हा तो आवाज यायला अजून अर्धा तास होता.

१९/
भारतात काय चालले होते? १९७०-७१ मध्ये, सॅबथचे पहिले अल्बम येत असताना, 'सिमला' सिगारेटच्या नावाने देशभर बीट बँडच्या स्पर्धा होत आणि त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघत. ती मुले प्रामुख्याने इंग्रजी शिकलेल्या शहरी घरांतली. गिरणगाव आणि त्यांचा रस्ता एक नव्हता. १९९३ साली अलाहाबादहून अमित सैगल यांनी 'रॉक स्ट्रीट जर्नल' काढले आणि दिल्ली-मुंबईबाहेरच्या वाचकाला प्रथमच हे जग टपालाने घरी मिळू लागले.

डूमचे भारतीय अल्बम मात्र नंतरचे. बेंगळुरूच्या 'बेव्हार सी'चा पहिला अल्बम २०१२चा. त्याच शहरातल्या 'जिन अँड मिस्काटोनिक'चा 'फॉरेव्हर इन द रेल्म' २०१३चा. आणि आपल्या महाराष्ट्रातून मुंबईचा 'डर्ज'. नावाचा अर्थच शोकगीत. त्यांचा 'अह पुच' (२०१८) माया संस्कृतीतील मृत्युदेवतेच्या नावाचा आहे. गिटार जाड, ओल्या भिंतीसारखी. गायक किंचाळतो तेव्हा शब्द नाहीसे होतात. मुंबईच्या पोरांना मृत्यूसाठी मध्य अमेरिकेपर्यंत का जावे लागले, असे मला प्रथम वाटले होते. मग लक्षात आले की सॅबथनेही आपले नाव एका इटालियन भयपटाच्या इंग्रजी पाटीवरून उचलले होते. आपल्या गावचे भय दूरच्या मुखवट्यातून बोलणे सोपे जाते.

२०/
सुट्टी संपण्याआधी मी आजीला विचारले, १९९२ साली तो आवाज पहिल्यांदा आला तेव्हा कसा होता? ती बराच वेळ सुपातले निवडत राहिली. मग म्हणाली, "जातं फिरवल्यावानी. एवढ्या रातचं कोण दळायलंय म्हून मी उठून बघितलं."

घरातले जाते तेव्हाच बंद पडलेले होते, दळण गिरणीवर जात होते. ते जाते अजून परसात आहे. त्याच्या घरघरीवर तिने तिच्या सासूसोबत ओव्या म्हटलेल्या आहेत, मेलेल्या भावाच्याही. म्हणजे खर्जातल्या एका अखंड आवाजावर शोक म्हणण्याची रीत तिला माझ्याआधी पन्नास वर्षे ठाऊक होती. फरक १९९३ने पाडला. त्यानंतर तो आवाज दळणाचा राहिला नाही.

मी आता हेडफोन वापरतो.

२१/
पुढील थ्रेड नांदेडच्या उस्मानशाही मिलवर. ज्यांच्या घरी तेथे काम केलेले कोणी असेल त्यांनी कृपया संदेश पाठवावा. पगारपत्रक, बिल्ला, छायाचित्र, काहीही चालेल. आणि तो भोंगा कसा वाजत असे हे तोंडाने काढून दाखवणारे कोणी आजोबा असतील, तर मी फोन घेऊन घरी यायला तयार आहे.